मोटेचे चामडे आणि विहिरीचे पाणी

चेन्नईच्या बीच स्थानकावरून तांबरमकडे जाणाऱ्या लोकल गाडीत बसले, की पल्लावरमनंतर क्रोमपेट नावाचे स्थानक लागते. तामिळमधील पेट्टै म्हणजे आपली पेठच. पुण्याच्या पेठांना वारांची नावे मिळाली, काहींना सरदारांची मिळाली. पण आधुनिक रसायनशास्त्राने शोधून काढलेल्या धातूच्या नावाची पेठ विरळाच. क्रोमपेटचा क्रोम म्हणजे क्रोमियम. १९१२ साली चेंबर्स कुटुंबाने येथे क्रोम लेदर कंपनीचा कारखाना काढला, त्याभोवती वस्ती वाढली, आणि कारखान्याचे नाव वस्तीला चिकटले. ज्या मद्रास तंत्रविद्या संस्थेत अब्दुल कलाम शिकले ती याच क्रोमपेटची, म्हणून हे नाव अनेकांच्या कानावरून गेलेले असते. नावातील धातू मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या धातूची मद्रासमधील हकिगत एका विहिरीपाशी सुरू होते. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन नावाचे एक इंग्रज अभियंते मद्रासच्या सरकारी कला-विद्यालयाचे प्रमुख होते. कलेपेक्षा कारखानदारीत त्यांचा जीव अधिक रमे. ॲल्युमिनियमची भांडी या देशात रुळविण्याच्या कामी त्यांनीच पुढाकार घेतला होता. तामिळ शेतकरी विहिरीतून पाणी काढतो ते चामड्याच्या मोटेने; तिला तिकडे कवलै म्हणतात. नाडा, सोंड, धाव आणि बैलजोडी हे सारे आपल्याकडच्यासारखेच. या मोटेची एक खोड महाराष्ट्रातील शेतकऱ्यालाही चांगली ठाऊक होती: झाडाच्या सालीत कमावलेले चामडे सतत पाण्यात राहिले, की त्यात मुरलेला तुरटपणा पाण्यात उतरत जातो आणि चामडे कुजू लागते. एक मोट कशीबशी काही हंगाम चाले. क्रोमियमच्या क्षारात कमावलेले चामडे पाण्याला दाद देत नाही, उकळत्या पाण्यातही ते आकसत नाही. तेव्हा या चामड्याच्या मोटा कराव्यात, शेतकऱ्याचा खर्च वाचवावा आणि विहिरीचे पाणी शेताला स्वस्तात पोहोचवावे, या हेतूने चॅटर्टन यांनी १९०३ साली कला-विद्यालयात क्रोम-चामड्याचे प्रयोग सुरू केले.

हेतू निर्मळ होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. विहिरीतून पाणी काढण्यासाठी जो धातू या भूमीत आणला गेला, तोच पुढे विहिरीत उतरला, हे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

त्या काळापर्यंत मद्रासचे चामडे म्हणजे सालीचे चामडे. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी बहरणारा जो तरवड, त्याची साल दक्षिणेत या कामी वापरीत. तिकडे त्याला आवारम म्हणतात. महाराष्ट्रात हेच काम बाभळीची साल आणि हिरडा करीत आले. कोल्हापुरी चप्पल आजही तशाच चामड्याची होते. सालीत कातडे पक्के होण्यास आठवडेच्या आठवडे लागतात. क्रोमियमला एखादा दिवस पुरतो. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ साली या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि जगातील चर्मोद्योगाचे रूपच पालटले. कातड्यातील कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू एकमेकांजवळ पण सुटे असतात. क्रोमियमचे अणू त्या तंतूंच्या मध्ये शिरून जणू टाके घालतात. टाके पडलेले कातडे कुजत नाही, मऊ राहते, वाटेल तो रंग घेते. पिंपातून बाहेर येते तेव्हा ते फिकट निळे असते.

सगळेच क्रोमियम मात्र टाके घालण्याच्या कामी येत नाही. जुन्या पद्धतीत शंभरांपैकी साठ-सत्तर भाग कातड्यात बसतात, उरलेले तीस-चाळीस पाण्याबरोबर वाहून जातात. पिंपातून सोडून दिलेल्या त्या हिरव्या-निळ्या पाण्याच्या एका लिटरात दोन हजार मिलिग्रॅम, कधी त्याहूनही अधिक क्रोमियम असू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घालून दिलेली मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅमची आहे. हिशेब साधा आहे. असे एक लिटर सांडपाणी नुसते पाणी मिसळून पिण्याजोगे करावयाचे, तर चाळीस हजार लिटर स्वच्छ पाणी लागेल. शिवाय एक किलो कच्चे कातडे कमावण्यास तीस-चाळीस लिटर पाणी लागते ते वेगळेच. जेथे नद्या वर्षाचे आठ-दहा महिने कोरड्या वाळूच्या असतात, अशा मुलखात हा उद्योग वाढला, ही गोष्ट पुढील कथेसाठी लक्षात ठेवावयास हवी.

जड धातू हा शब्द अलीकडे वारंवार कानी पडतो. शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम ही त्यातील नेहमीची नावे; सोमल काटेकोरपणे धातू नसला तरी त्याच पंगतीला बसविला जातो. या सर्वांचा एक स्वभाव समान आहे आणि तोच त्यांच्या उपद्रवाचे मूळ आहे. गटाराची घाण, मेलेले जनावर, कुजका पाला यांना माती आणि सूक्ष्म जंतू पचवून टाकतात. काही काळाने त्यांचे साधे घटक उरतात. धातू हा स्वतःच मूळ घटक असल्यामुळे त्याचे आणखी काही व्हावयाचे राहिलेले नसते. जाळा, पुरा, पाण्यात सोडा, तो जागा बदलतो, जोडीदार बदलतो, पण नाहीसा होत नाही. शरीरात गेलेले शिसे हाडांमध्ये जाऊन बसते आणि तेथे दशकानुदशके राहते; कॅडमियम मूत्रपिंडात तसेच ठाण मांडते. पारा पाण्याच्या तळाशी जंतूंच्या हाती सापडला, की त्याचे एक विलक्षण विषारी संयुग बनते आणि ते शेवाळापासून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत साठत साठत माणसाच्या ताटात येते. जपानमधील मिनामाता गावी १९५६ साली उघडकीस आलेला रोग हा याच साखळीचा शेवट होता.

क्रोमियमची चाल थोडी निराळी, आणि ती समजून घेतल्याशिवाय तामिळनाडूतील प्रकरणाचा निवाडा नीट करता येत नाही. या धातूची दोन रूपे महत्त्वाची. एकाला रसायनशास्त्रज्ञ त्रिसंयुजी म्हणतात, दुसऱ्याला षट्संयुजी. चामड्यात बसते ते त्रिसंयुजी. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, मातीला धरून राहते आणि पेशीत सहजासहजी शिरत नाही. षट्संयुजी क्रोमियमचा रंग पिवळा-नारिंगी. ते पाण्यात मुक्तपणे विरघळते, पाण्याबरोबर दूरवर चालत जाते, आणि त्याच्या रेणूची ठेवण सल्फेटसारखी असल्यामुळे पेशीच्या द्वारपालाची फसगत होते. सल्फेटसाठी उघडलेल्या दारातून ते आत येते, आत त्याचे रूपांतर होते, आणि त्या धुमश्चक्रीत आनुवंशिक द्रव्याची हानी होते. ते कर्करोगकारक असल्याचे सर्वमान्य आहे. अशा कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या हातांवर खोल, न दुखणारे व्रण पडतात. नाकातील दोन पुड्यांमधला पडदा झिजून त्याला आरपार भोक पडते. हे कारखान्यातील वैद्यांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे.

यावर चर्मोद्योगाचे उत्तर ठरलेले असते: आम्ही वापरतो ते निरुपद्रवी रूप, घातक ते दुसरे. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. एक तर निरुपद्रवी क्षार तयार होतो तो घातक क्षारापासूनच. खनिज क्रोमाइट सोड्याबरोबर भट्टीत भाजतात, त्यातून षट्संयुजी बायक्रोमेट मिळते, आणि त्यावर साखरेची किंवा मळीची प्रक्रिया करून चामड्यासाठी लागणारा क्षार बनवितात. म्हणजे विष कोठे तरी जन्म घेतच असते. प्रश्न एवढाच, की ते कोणाच्या अंगणात. दुसरे असे, की मातीत ही दोन रूपे एकमेकांत पालटू शकतात. सेंद्रिय द्रव्य आणि लोह घातक रूपाला निरुपद्रवी करतात, हे शुभ. परंतु मँगनीजचे ऑक्साइड योग्य परिस्थितीत निरुपद्रवी रूपालाही घातक करू शकतात. बार्टलेट आणि जेम्स या अमेरिकन मृदाशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हे दाखवून दिले. त्यापूर्वी, एकदा मातीत गेलेले क्रोमियम निजले ते निजलेच, अशी समजूत होती.

आता पालार नदीकडे वळू. तामिळमध्ये पाल म्हणजे दूध, आर म्हणजे नदी. कर्नाटकातील नंदीदुर्गाच्या टेकड्यांत उगम पावून, आंध्रच्या कोपऱ्यातून जाऊन ती तामिळनाडूत येते आणि चेन्नईच्या दक्षिणेस समुद्राला मिळते. तिच्या काठी वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट ही चामड्याची गावे आहेत. राणीपेटसमोर, पालारच्या दक्षिण काठावर अर्काट. १७५१ साली तेथील वेढ्यात अडकलेल्या क्लाइव्हच्या मदतीला मुरारराव घोरपडे निघाले होते, या नात्याने मराठी माणसाला ते नाव परके नाही. पालारला पाणी पावसाळ्यापुरते. एरवी ती वाळूखालून वाहते. काठच्या लोकांचे पिणे आणि पिकविणे दोन्ही त्या वाळूतील विहिरींवर. याच वाळूत कारखान्यांचे सांडपाणी मुरत राहिले.

येथे सरकारी धोरणाचाही उल्लेख केला पाहिजे. सत्तरीच्या दशकात, अर्धवट कमावलेले चामडे परदेशी पाठवून त्यावरचा नफा परक्यांनी का मिळवावा, या रास्त विचाराने सीतारामय्या समितीच्या शिफारशींनुसार त्याच्या निर्यातीवर बंधने आली. तयार चामडे येथेच करावयाचे ठरले. परकीय चलन वाढले, रोजगार वाढला, आणि सालीच्या जागी क्रोमची पिंपे फिरू लागली. म्हणजे युरोपातील नद्यांतून जे पाणी वाहिले असते ते पालारमध्ये वाहू लागले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोष्टकात विहिरीला रकाना नसतो.

१९९१ साली वेल्लूरच्या नागरिकांच्या एका मंचाने सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. २८ ऑगस्ट १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या पीठाने जो निर्णय दिला तो आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासावा लागतो. पाच जिल्ह्यांत नऊशेंहून अधिक टॅनऱ्या चालत असल्याचे त्यात नमूद आहे. तामिळनाडू कृषी विद्यापीठाच्या वेल्लूर येथील केंद्राच्या पाहणीनुसार सुमारे ३५,००० हेक्टर जमीन अंशतः वा पूर्णतः लागवडीस निरुपयोगी झाली होती. दिंडिगुलकडील १३ गावांत ४६७ विहिरी तपासल्या, तर त्यांपैकी ३५० बाधित निघाल्या. उद्योगाचे महत्त्व न्यायालयाने नाकारले नाही. परंतु हानी होण्याचा संभव दिसत असता पुराव्याची वाट पाहत बसावयाचे नाही, आपल्यापासून अपाय नाही हे उद्योगानेच सिद्ध करावयाचे, आणि ज्याने घाण केली त्याने भरपाई द्यावयाची व जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही सोसावयाचा, ही तत्त्वे त्याने या देशाच्या कायद्याचा भाग ठरविली. योगायोग असा, की त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील हिंकली गावच्या रहिवाशांना षट्संयुजी क्रोमियमने दूषित झालेल्या विहिरींबद्दल एका वीज-कंपनीकडून ३३.३ कोटी डॉलर मिळाले. त्यावर पुढे चित्रपट निघाला आणि साऱ्या जगाने तो पाहिला. पालारकाठच्या शेतकऱ्यांवर तो निघाला नाही.

या शेतकऱ्यांना काय मिळाले? निर्णयानुसार नेमलेल्या प्राधिकरणाने २००१ मध्ये सुमारे २९ हजार बाधितांसाठी सुमारे २७ कोटी रुपये मंजूर केले. माणशी नऊ हजारांच्या आसपास रक्कम पडते. एवढ्यात एखाद्याने दुसरीकडे विहीर खणावयास घेतली, तर पाण्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पैसे संपावेत.

एक गोष्ट न्यायाच्या दृष्टीने सांगितलीच पाहिजे. पालारकाठची शेते मारली ती सर्वस्वी क्रोमियमने नव्हेत. कच्चे कातडे टिकविण्यासाठी त्याला साध्या मिठाचा जाड थर देतात, आणि धुण्यात ते सारे मीठ पाण्यात जाते. नारळ-भाताची शेते पांढरी पडली, विहिरी खाऱ्या झाल्या, त्यात मिठाचा वाटा फार मोठा आहे. मीठ दिसते, चवीला कळते, पीक त्याच हंगामात माना टाकते. क्रोमियमला चव नाही, वास नाही. अल्प प्रमाणात त्याचा रंगही दिसत नाही. म्हणून शेतकऱ्याची तक्रार मिठाविरुद्ध अधिक मोठ्याने ऐकू आली, आणि धातू प्रयोगशाळेच्या कागदावर राहिला.

तो डोळ्यांना दिसला तो राणीपेटला. तामिळनाडू क्रोमेट्स अँड केमिकल्स या कंपनीचा कारखाना तेथील औद्योगिक वसाहतीत १९७५ पासून बायक्रोमेट आणि चामड्याचे क्षार तयार करीत होता. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर तो बंद पडला. मालक गेले, कामगार गेले. मागे राहिला तो भाजलेल्या खनिजाच्या चोथ्याचा दीड लाख टनांहून मोठा ढिगारा, उघड्यावर, उन्हापावसात. त्या चोथ्यात षट्संयुजी क्रोमियम शिल्लक आहे. पाऊस पडला, की ढिगाऱ्याच्या पायथ्याशी पिवळे पाणी साचे, आणि तेच जमिनीत मुरे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथील भूजलाचा अभ्यास करून दूषणाचा प्रवास मोजण्याचा प्रयत्न केला. २००६ साली न्यूयॉर्कच्या ब्लॅकस्मिथ संस्थेने जगातील दहा अत्यंत प्रदूषित जागांची यादी केली, त्यात चेर्नोबिलच्या जोडीला राणीपेटचे नाव होते. कारखाना जेमतेम वीस वर्षे चालला. ढिगाऱ्याचे वय त्याहून पुढे गेले.

न्यायालयाच्या निर्णयाने काही बदलले नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. टॅनऱ्यांनी एकत्र येऊन सांडपाणी शुद्ध करण्याची सामायिक केंद्रे उभारली, काही ठिकाणी मीठही वेगळे काढले जाऊ लागले. चेन्नईच्या अड्यार भागातील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने यात महत्त्वाची कामगिरी बजावली आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या या संस्थेला खरा आकार दिला तो यलवर्ती नायुडम्मा यांनी. १९८५ च्या कनिष्क विमान-अपघातात त्यांचा अंत झाला. वापरलेल्या पाण्यातील क्रोमियम मॅग्नेशियम ऑक्साइडने साक्याच्या रूपात खाली बसवावयाचे, तो साका गंधकाम्लात विरघळवून पुन्हा पिंपात वापरावयाचा, ही पद्धत संस्थेने टॅनऱ्यांना शिकविली. पुढे क्रोम-प्रक्रियेत पाणीच न घालता कातडे कमाविण्याची रीतही तिने काढली. जो धातू कातड्यात बसला तो गटारात जात नाही, हे इतके सरळ तत्त्व आहे. तथापि ते आचरणात आणण्यास भांडवल लागते, आणि लहान टॅनरीवाल्याचे भांडवल कातड्यांतच अडकलेले असते.

शुद्ध केलेल्या पाण्याचे एक मागणे उरतेच. पाण्यातून काढलेले सारे गाळाच्या रूपाने साचते, आणि त्या गाळाला जागा हवी असते. ३१ जानेवारी २०१५ च्या मध्यरात्रीनंतर राणीपेटच्या एका सामायिक केंद्रातील गाळाच्या टाकीची भिंत कोसळली. शेजारच्या टॅनरीत कामगार झोपले होते. गाळाचा लोंढा त्यांच्यावर आला आणि दहा जण त्यातच गुदमरून मेले. बहुतेक जण पश्चिम बंगालमधून पोटासाठी आलेले होते. पूर्वी हे काम गावकुसाबाहेरच्या माणसांच्या वाट्याला येई, कारण इतरांना त्याची किळस होती. आता ते दूरच्या गरिबांच्या वाट्याला येते. चामड्याने मालक बदलले, धर्म-जातीच्या भिंती काही अंशी ओलांडल्या, पण पिंपाशेजारी निजणारा माणूस तेवढा समाजाच्या तळातूनच येत राहिला.

चेन्नईच्या उत्तरेकडेही धातूंची हीच कहाणी दुसऱ्या वेषात घडते आहे. एन्नोरची खाडी कोसस्थलैयार नदीच्या मुखाशी आहे. तिच्या काठी कोळशावर चालणारी वीजकेंद्रे उभी राहिली. त्यांपैकी उत्तर चेन्नईचे केंद्र १९९४ पासूनचे. कोळशात शिसे, सोमल, क्रोमियम, पारा यांचे अंश असतात, खडकात असावेत तितकेच. कोळसा जळतो तेव्हा कार्बन धूर होऊन जातो आणि धातू मागे राखेत दाटीने उरतात. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तीस-चाळीस टक्के. ही राख पाण्यात कालवून नळांतून तळ्यांकडे नेतात, आणि ते नळ वर्षानुवर्षे खाडीत गळत आले. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरून हाताने कोळंबी चाचपणारे लोक तेथे आहेत. त्यांचे पाय आता चिखलाऐवजी राखेत रुततात. राखेचे थर तळाशी बसल्याने खाडी उथळ झाली, आणि मच्छीमारांच्या संघटनांना हरित न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले. कालव आणि शिंपल्या पाणी गाळून जगतात. त्यामुळे पाण्यात धातू किती, हे प्रयोगशाळेच्या आधी त्यांच्या शरीरात लिहिले जाते.

वेल्लूरचे प्रकरण न्यायालयात मिटलेले नाही. ३० जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे मूळ याचिकेनंतर तेहेतीस वर्षांहून अधिक काळाने, सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा निर्णय द्यावा लागला. ज्यांना भरपाई मिळालेली नाही त्यांना ती द्यावी, टॅनऱ्यांकडून ती वसूल करावी, निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून पालारच्या पुनरुज्जीवनावर देखरेख ठेवावी, आणि नुकसान भरून येईपर्यंत प्रदूषण करणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, असे न्यायालयाने बजावले. कंपनी दिवाळ्यात निघू शकते, टॅनरीचे नाव बदलू शकते, दावा करणारा शेतकरी वारला तर त्याचा मुलगा शहरात निघून जाऊ शकतो. विहिरीतील क्रोमियमला यांपैकी कोणतीच वाट मोकळी नाही. त्याला कोणी तरी उपसून, खाली बसवून, झाकलेल्या जागी ठेवावयास हवे, आणि त्या जागेवर पहारा करावयास हवा. हे काम खर्चाचे आहे. पण ते अशक्य नाही. मळी आणि शेण यांवर वाढणारे जंतूदेखील घातक रूपाचे निरुपद्रवी रूप करू शकतात, याचे प्रयोग याच देशात झाले आहेत.

क्रोमपेटला लागूनच नागलकेणी नावाचा भाग आहे. पल्लावरम-क्रोमपेट परिसरातील टॅनऱ्या बहुतांशी तेथे एकवटल्या आहेत. अण्णा विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी या परिसरातील विहिरींचे पाणी वेळोवेळी तपासले, तेव्हा त्यांपैकी अनेकींत क्रोमियम पिण्याच्या मर्यादेपलीकडे आढळले. ज्या चामड्याच्या मोटा करावयाच्या होत्या त्याचे बूट होऊन ते परदेशी गेले, आणि मोटेची जागा विजेच्या पंपाने केव्हाच घेतली. तामिळमध्ये केणी या शब्दाचा अर्थ विहीर, पाण्याचे कुंड असा आहे. मद्रासच्या ज्या भागाला इंग्रजांनी ट्रिप्लिकेन म्हटले, त्याच्या मूळ तिरुवल्लिक्केणी या नावातही तोच शब्द आहे. क्रोमियमच्या नावाची पेठ आणि विहिरीच्या नावाची वस्ती अशा शेजारी शेजारी आहेत, आणि विहिरीच्या नावाच्या वस्तीत पिण्याचे पाणी बाहेरून आणावे लागते.